‘त्यांना आता काही कळत नाही’ असं ठरवण्याआधी: स्मृतिभ्रंश आणि निर्णयक्षमता

तुम्ही लिहिलंय त्याचा गोषवारा असा: वडिलांना अल्झायमर आहे, निदान होऊन तीन वर्षं झाली, स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी १७ गुण आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं नाव काढलं की ते ‘नको’ म्हणतात. भावाचं म्हणणं, ‘त्यांना आता काही कळत नाही, आपणच ठरवून टाकू.’ आणि त्याच भावाला घराच्या कागदांवर त्यांची सही मात्र लवकर हवी आहे. वडिलांच्या ‘नको’ला किती मान द्यायचा आणि त्यांच्या सहीला किती, हा तुमचा प्रश्न. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत बरीच वर्षं काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या रूपांत सतत येत आला आहे, म्हणून जरा विस्तारानेच उत्तर देते.

‘निर्णयक्षमता आहे की गेली?’ असा सरसकट प्रश्न विचारला की उत्तर चुकणारच. कशाचा निर्णय आणि कधी, हे आधी सांगावं लागतं. आज कोणता सदरा घालायचा, कोणाजवळ राहायला आवडेल, आपल्या वतीने कोणी बोललेलं चालेल, ऑपरेशन करायचं का, घर विकायचं का, हे पाच वेगळे निर्णय आहेत आणि प्रत्येकाला लागणारी समज वेगळी आहे. मध्यम टप्प्यातला माणूस यातले पहिले तीन निर्णय व्यवस्थित घेऊ शकतो आणि शेवटच्यात पूर्ण हरवून जाऊ शकतो. त्यामुळे वडिलांना ऑपरेशनचं कळत नाही पण कागदांचं कळतं, किंवा उलट, असं होणं अशक्य नाही. फक्त ते प्रत्येक वेळी तपासून ठरवायचं असतं. आपल्या सोयीप्रमाणे सकाळी ‘कळत नाही’ आणि दुपारी ‘कळतं’ असं म्हणता येत नाही.

त्या १७ गुणांबद्दल आधी बोलू, कारण घरोघरी त्या आकड्याचा धाक फार असतो. ३० गुणांची जी चाचणी सगळ्यात जास्त वापरली जाते ती १९७५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आजची तारीख, आत्ता आपण कुठे आहोत, तीन शब्द लक्षात ठेवून पुन्हा सांगणं, शंभरातून सात-सात वजा करणं, एक आकृती पाहून काढणं असले प्रश्न असतात. आजार किती पुढे गेला आहे याचा अंदाज घ्यायला ती उपयोगी आहे. पण तिच्यातला एकही प्रश्न ‘डोळ्याचं ऑपरेशन तुम्हाला का नको?’ असा नसतो. गुण अगदी कमी असले किंवा जवळजवळ पूर्ण असले तर निर्णयक्षमतेबद्दल काहीसा अंदाज बांधता येतो. मधल्या पट्ट्यात मात्र तो आकडा फारसं सांगत नाही. वार सांगता न येणारा माणूस ‘मला घरातच राहायचंय, कारण इथे मला रात्री भीती वाटत नाही’ हे सांगू शकतो, आणि ते कारण पूर्ण वाजवी असतं.

मग तपासायचं काय? १९८८ मध्ये पॉल अ‍ॅपलबॉम आणि थॉमस ग्रिसो यांनी उपचारांच्या संमतीसाठी जी चार अंगं मांडली, तीच आजही जगभर वापरात आहेत. दिलेली माहिती समजते का. ती स्वतःला लागू आहे हे उमगतं का. पर्याय तोलून त्यातून कारणासकट निवड करता येते का. आणि ती निवड कळवता येते का, मग शब्दांनी, खुणेने किंवा मान हलवून. इंग्लंड आणि वेल्समधल्या २००५ च्या कायद्याने यात एक गोष्ट स्पष्ट केली, ती मला फार मोलाची वाटते: माहिती थोडा वेळच लक्षात राहिली, एवढ्यावरून माणसाला अक्षम ठरवता येत नाही. निर्णय घेण्यापुरती ती टिकली की पुरे. म्हणजे वडील संध्याकाळी ऑपरेशनचं बोलणं विसरले, तरी सकाळी त्यांनी नीट विचार करून दिलेलं उत्तर बाद होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं आणि त्यांनी त्याच कारणाने तेच सांगितलं, तर त्या उत्तराचं वजन आणखी वाढतं, मग काल विचारलं होतं हे त्यांना आठवो न आठवो.

या चारांत अल्झायमरमध्ये सगळ्यात फसवेपणाने ढासळतं ते दुसरं अंग. वडील तुम्हाला सांगतील, ‘मोतीबिंदू काढला नाही तर दिसायचं कमी होतं, बरोबर आहे.’ आणि लगेच म्हणतील, ‘पण मला कुठे मोतीबिंदू आहे? मला स्वच्छ दिसतंय.’ माहिती समजली, पण ती आपल्याबद्दल आहे हे पोचलं नाही. घरचे याला हट्ट म्हणतात, किंवा ‘ते मान्यच करत नाहीत’ म्हणतात. बऱ्याचदा तो हट्ट नसतो. स्वतःतला बदल टिपणारी मेंदूची यंत्रणाच आजाराने बिघडलेली असते. वाद घालून, रिपोर्ट समोर नाचवून ती दुरुस्त होत नाही. होते ती फक्त भांडणं. ‘तुम्हाला आजार आहे हे कबूल करा’ हा आग्रह सोडून दिल्यावर कितीतरी घरांतलं वातावरण निवळलेलं मी पाहिलं आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. समजा ते म्हणाले, ‘दिसतंय कमी, माहीत आहे. पण या वयात डोळ्याला हात लावून घ्यायचा नाही. जेवढं दिसतं तेवढ्यात भागतंय.’ तुम्हाला हे चुकीचं वाटेल, मलाही वाटेल. पण त्यात समज आहे, स्वतःला लागू करणं आहे, कारण आहे. चुकीचा वाटणारा निर्णय म्हणजे क्षमता नसल्याचा पुरावा नव्हे. एक चाचणी स्वतःवरच करून बघा: त्यांनी ‘हो’ म्हटलं असतं तर आपण त्यांच्या समजेबद्दल शंका घेतली असती का? ‘हो’ला शंका नाही आणि ‘नको’ला मात्र शंका, असं असेल तर आपण क्षमता मोजत नाही, आज्ञाधारकपणा मोजतो आहोत.

तरीही निर्णय जितका गंभीर आणि परत न फिरवता येणारा, तितकी तपासणी कसून हवी, असं मी मानते. यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. काहींना भीती वाटते की त्यातून आपल्याला न पटणाऱ्या निवडींवरच जास्त चौकशी होईल. भीती खरी आहे. पण सदऱ्याच्या निवडीला आणि जीव वाचवणारा उपचार नाकारण्याला एकच माप लावणं मला पटत नाही.

आता तपासणीच्या आधी करायच्या गोष्टी. माझ्या अनुभवात, अक्षम ठरवल्या गेलेल्या अनेक माणसांना मुळात नीट विचारलेलंच नसतं. कानाला ऐकू येत नसतं, कानयंत्र कपाटात असतं, चष्मा जुना असतो, आणि प्रश्न दवाखान्याच्या गर्दीत तीन माणसं एकदम विचारत असतात. स्मृतिभ्रंशात दिवसाच्या वेळेने खूप फरक पडतो. बऱ्याच जणांची संध्याकाळ वाईट जाते, म्हणून महत्त्वाचं बोलणं झोप झाल्यावर, पोट भरलेलं असताना, शक्यतो सकाळी करावं. लुई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर तासातासाला समज वरखाली होते, कधी एखाद्या दिवशी लख्ख असते. अशा माणसाला एका भेटीवरून जोखणं अन्यायाचं आहे.

आणि एक धोक्याची खूण कायम लक्षात ठेवा. महिन्यामहिन्याने उतरत गेलेली समज ही आजाराची चाल असते; पण एक-दोन दिवसांत एकदम गोंधळ वाढला, माणूस फार झोपाळू किंवा फार अस्वस्थ झाला, तर ते ‘आजार वाढला’ म्हणून सोडू नका. याला डिलिरियम म्हणतात. मागे लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग असू शकतो, शरीरात पाणी कमी पडलेलं असू शकतं, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणं, सांगता न येणारी वेदना, किंवा नव्याने सुरू झालेलं औषध असू शकतं. झोपेची, लघवीवरच्या नियंत्रणाची आणि काही जुन्या धाटणीची अ‍ॅलर्जीची औषधं स्मृतिभ्रंशात मेंदूला आणखी धूसर करतात. तातडीने डॉक्टरांना दाखवायचं, आणि टाळता येण्याजोगा कोणताही मोठा निर्णय त्या दिवसांत घ्यायचा नाही. नैराश्याचंही तसंच. ‘मला काहीच नको, कशाला माझ्यावर खर्च’ हे वाक्य निर्णयही असू शकतं आणि उपचार होण्यासारख्या नैराश्याचं लक्षणही.

विचारायचं कसं? ‘ऑपरेशन करायचं ना बाबा?’ हा प्रश्न नव्हे, त्यात उत्तर भरलेलं आहे. स्मृतिभ्रंश झालेली माणसं समोरच्याच्या चेहऱ्यावरून हवं ते उत्तर ओळखण्यात तरबेज असतात आणि न समजताही ‘हो’ म्हणून मोकळी होतात. छोट्या वाक्यांत, एका वेळी एकच गोष्ट सांगा: उजव्या डोळ्यावर पडदा आलाय. तो काढता येतो. डोळ्यात औषध घालून बधिर करतात. त्याच दिवशी घरी येता. नंतर काही आठवडे थेंब घालायचे. मग थांबा. उत्तर यायला आपल्याला अवघडल्यासारखं वाटेल इतका वेळ लागतो. मध्ये बोललात की त्यांचा धागा तुटतो. मग विचारा, ‘मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगता?’ ‘नाही केलं तर काय होईल?’ ‘तुम्हाला यात कशाची काळजी वाटते?’ हा शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. पुष्कळदा ‘नको’च्या मागे ऑपरेशन नसतंच. दवाखान्यात एकटं सोडून जातील ही भीती असते, किंवा ओळखीतल्या कोणाचा डोळा कधीकाळी गेलेला असतो. भीती दूर झाली की ‘नको’ही जातो. भाषेवरच घाला घालणाऱ्या प्रकारांत तोंडून ‘हो’ येतं आणि मनात ‘नाही’ असतं, तेव्हा चित्रं, वस्तू, बोट दाखवणं यांची मदत घ्यावी, आणि तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारावा.

एका प्रकाराबद्दल वेगळी सूचना. फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशात स्मरणशक्ती सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत असते. तपासणीच्या खोलीत माणूस इतकं सुसंगत बोलतो की कोणीही त्याला सक्षम म्हणेल. घरी मात्र तोच माणूस अनोळखी फोनवर पैसे पाठवतो, दिसेल त्याला उसने देतो. काय करायला हवं हे त्याला सांगता येतं, पण त्या क्षणी तसं वागता येत नाही. इथे फक्त मुलाखतीवर विसंबणं पुरेसं नाही. घरात प्रत्यक्ष काय घडतं ते तारखेनिशी लिहून डॉक्टरांना दाखवा. त्या नोंदी नसतील तर चुकीचं मत होण्याची शक्यता मोठी आहे.

समजा नीट तपासणी झाली आणि ऑपरेशनबद्दल ठरवण्याची क्षमता वडिलांकडे नाही असं ठरलं. तिथून पुढचा निर्णयही ‘आम्हाला काय बरं वाटतं’ यावर घ्यायचा नसतो. पहिला प्रश्न: आजाराआधीचे वडील या प्रसंगी काय म्हणाले असते? त्यांनी कधी काही लिहून ठेवलं होतं का, दुसऱ्या कोणाच्या आजारपणात काही बोलले होते का, दिसणं त्यांच्यासाठी काय होतं? दुसरा प्रश्न: आत्ताच्या वडिलांना यातून काय वाट्याला येईल? दिसायला लागलं तर पडण्याची भीती कमी होईल, माणसं ओळखू येतील, सावल्यांना माणूस समजून घाबरणं कमी होऊ शकेल. उलट बाजूला, ते काही वेळ स्थिर पडून राहतील का, डोळा चोळणार नाहीत ना, थेंब घालू देतील का, घाबरून हातघाईवर आले तर काय, हे सर्जनशी आधी बोलून घ्यायला हवं. क्षमता नाही म्हणजे विरोधाला अर्थ नाही, असं होत नाही. जबरदस्तीने धरून ठेवावं लागणार असेल, तर ते किती गरजेचं आहे याचं उत्तर तितकंच भक्कम हवं. ओळखीचं माणूस सोबत ठेवून, आधी एकदा ती खोली दाखवून आणून काम होत असेल, तर तोच रस्ता.

पूर्वीचा माणूस आणि आताचा माणूस यांत विसंगती आली तर? आयुष्यभर पुस्तकांत रमलेले, आता तासन्‌तास कपड्यांच्या घड्या घालण्यात खूश. यावर तत्त्वचिंतकांनी बराच वाद घातला आहे. माझं मत असं: रोजच्या जगण्यात, म्हणजे खाणं, कपडे, सोबत, करमणूक यांत, आताच्या माणसाचं ऐकावं. आयुष्याच्या शेवटाबद्दल आणि मोठ्या उपचारांबद्दल पूर्वीच्या माणसाने समजून-उमजून जे सांगितलं होतं त्याला जास्त वजन द्यावं. पण आताच्या माणसाला रोज यातना देणारं काहीही, जुन्या शब्दाच्या आधारावर चालू ठेवू नये.

आता सही. इथे मला मुळीच आढेवेढे घ्यायचे नाहीत. घराच्या व्यवहारासाठी आपण काय देतो आहोत, त्याची साधारण किंमत काय, दिल्यावर आपण राहणार कुठे, कोणाला मिळतं आणि कोण वगळलं जातं, एवढं वडिलांना स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. मृत्युपत्राबाबत १८७० मधल्या बँक्स विरुद्ध गुडफेलो या इंग्लिश खटल्यात घातलेल्या कसोट्याही याच धर्तीच्या आहेत, आणि दीडशे वर्षांनंतरही न्यायालयं त्यांचा आधार घेतात. ज्यांना त्या सहीतून फायदा होणार आहे त्यांनी समोर बसून सही घेणं टाळलंच पाहिजे. स्वतंत्र वकील आणि क्षमतेची तपासणी करून लेखी मत देणारे डॉक्टर यांनी वडिलांशी एकांतात बोलावं. तुमच्या भावाचा हेतू चांगला असेलही; पण घाईत घेतलेली सही पुढे न्यायालयात टिकेलच असं नाही, आणि भावंडांतलं नातं त्याच्याही आधी मोडतं.

कायद्याबद्दल एवढंच, कारण तो देशागणिक वेगळा आहे. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारानंतर जगभर भर आला तो माणसाच्या जागी निर्णय घेण्याऐवजी त्याला निर्णय घ्यायला मदत करण्यावर. इंग्लंडमध्ये क्षमता गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं. भारतात तसं नाही: करार कायद्यानुसार, मुखत्यारपत्र करून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. हे ठाऊक नसलेली अनेक कुटुंबं जुन्या कुलमुखत्यारपत्राच्या भरवशावर राहतात. क्षमता गेल्यानंतर मालमत्तेसाठी उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याची वेळ येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक उपचारांपुरती आगाऊ सूचना (पुढे कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवणं) आणि नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय आहे, आणि इतरांना निर्णय चुकीचा वाटतो एवढ्यावरून क्षमता नाही असं मानू नये हेही त्यात लिहिलेलं आहे. आयुष्याच्या शेवटच्या उपचारांविषयी आधी लिहून ठेवण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खुला केला आणि २०२३ मध्ये सोपा केला. तुम्ही जिथे राहता तिथला नियम वकिलाला विचारा, आणि आजच विचारा. ‘माझ्या वतीने माझी मुलगी बोलेल’ हे ठरवायला ऑपरेशनचा निर्णय घेण्याइतकी समज लागत नाही. वडील कदाचित अजूनही ते सांगू शकतील. सहा महिन्यांनी सांगू शकतील का, याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

पैशाच्या व्यवहारातली समज फार लवकर घसरते, इतर सगळं ठीक दिसत असतानाच. म्हणून सगळं एकदम काढून घेण्याऐवजी रोजच्या खर्चापुरती रक्कम त्यांच्या हाती ठेवा आणि मोठ्या व्यवहारांना दुसऱ्या माणसाची नजर जोडा. गाडी चालवण्याचं मात्र वेगळं आहे. तिथे रस्त्यावरच्या इतरांचा जीव आहे, तो फक्त त्यांचा निर्णय राहत नाही.

औषध जेवणात लपवून देण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुतेक घरं तिथवर पोचतात. गोळी नाकारणाऱ्याला त्या गोळीचा निर्णय कळत असेल, तर लपवून देणं ही फसवणूक आहे. कळत नसेल आणि औषध खरंच आवश्यक असेल, तर डॉक्टरांशी बोलून, नोंद ठेवून करावं, आणि गोळी कुटता येते का हे आधी विचारावं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर सगळा डोस एकदम अंगात जातो. आणि मुळात ती गोळी अजून हवी आहे का, हेही विचारा. निम्म्या भांडणांचं मूळ अनावश्यक औषधांत असतं असं मला वाटतं.

वडील बोलू शकतात तोवर आणखी एक विषय काढा: पुढे गिळता येईनासं झालं तर काय. प्रगत स्मृतिभ्रंशात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढतं किंवा अन्न श्वासनलिकेत जाणं थांबतं असं दिसलेलं नाही, आणि अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने २०१४ मध्ये नळीऐवजी हाताने, सावकाश, प्रेमाने भरवण्याची शिफारस केली. तो प्रसंग येतो तेव्हा रात्र असते, दवाखाना असतो, आणि ‘उपाशी कसं ठेवायचं’ या एका वाक्यावर सगळे गप्प होतात. त्याआधी शांतपणे झालेलं बोलणं तुम्हाला त्या रात्री उपयोगी पडेल.

भावाशी बोलताना क्षमतेच्या नावाने वाद घालू नका. एक वही घाला मध्ये. कोणता निर्णय, कोणत्या दिवशी, किती वाजता विचारलं, कोण हजर होतं, काय सांगितलं, वडील स्वतःच्या शब्दांत काय म्हणाले. दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी, दोघांनीही. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘यांना समजतं का?’ असं न विचारता ‘मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा निर्णय हे आज घेऊ शकतात का?’ असं विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तर पुन्हा कधी तपासायचं ती तारीखही त्याच कागदावर लिहून घ्या.